बाटल्यांवरचं कुंकू

मुरली, तुझ्या शोकसभेत सगळे खोटं बोलले.

हेडमास्तर म्हणाले, "मुरलीसारांनी मुलींना हाताला धरून केमिस्ट्री शिकवली." तेवढ्यात माइक किंचाळला. वाटलं, या सभेत त्या माइकला तरी लाज आहे. कुठल्या मुलीचा हात धरलास रे तू? ब्युरेट म्हणजे काचेची उभी नळी, तिला खाली तोटी, तोटीतून थेंब थेंब सोडायचा, हे माझ्या मुलीला, वैजूला, पुस्तकातल्या चित्रावरून माहीत होतं. बारावीचं अर्धं वर्ष संपलं तरी तिनं ती तोटी कधी फिरवली नव्हती. लॅब होती, लॅबला कुलूप होतं आणि किल्ली तुझ्या खिशात, पानाच्या डब्याला घासून घासून गुळगुळीत झालेली.

आपल्या इथल्या मराठी समाजाच्या स्मरणिकेत तुझ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तुझी मामेबहीण म्हणून नव्हे. सांगितलेल्या दिवशी मजकूर देते म्हणून. "चांगलं लिही गे, पद्मा," असंही सांगून ठेवलंय. लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारी बाई मी. काहीही करायचं तर आधी कागदावर दोन रकाने आखते. डाव्या रकान्यात तुझे गुण लिहायला घेतले: आवाज चांगला, अक्षर चांगलं, कर्ज नाही, दारू नाही. पुढे पेन थांबलं. उजवा रकाना मात्र कागदाच्या मागच्या बाजूला गेला. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि आता थेट तुझ्याशीच बोलते. तू मध्ये बोलणार नाहीस, एवढी एक सोय तू जाताना करून गेलास.

तुला आठवतं, आपण दोघं अकरावीत होतो तेव्हा? तेव्हाही लॅबला कुलूप होतं. आपले केमिस्ट्रीचे सार फळ्यावर परीक्षानळी काढायचे, तिच्यात खडूने निळा रंग भरायचे आणि म्हणायचे, "लिहून घ्या, निळा झाला." तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "पद्मी, हे म्हणजे फळ्यावर इडली काढून 'पोट भरलं' म्हणण्यासारखं आहे." मी हसले आणि बाकावर उभी राहिले, एकटी. तू मान खाली घालून लिहीत होतास, निळा झाला.

त्याच आठवड्यात डब्यातलं सांबार माझ्या शाळेच्या पांढऱ्या दावणीवर, म्हणजे अर्ध्या साडीवर, सांडलं. नळावर नेऊन साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. मला वाटलं, कापडच जळालं. घरी काय सांगू म्हणून मी रडायला लागले. तू पलीकडे भिंतीवर बसून पेरू खात होतास. उडी मारून आलास, बघितलंस आणि हसलास. "रडू नको. लिंबू आण," म्हणालास. कँटीनमधून मी अर्धं लिंबू मागून आणलं. तू ते डागावर पिळलंस आणि लाल पुन्हा पिवळं झालं. पुन्हा साबण, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळं. मी दावणी विसरले, घर विसरले. हळदीला आंबट आणि खारं यातला फरक कळतो, तो ती रंगाने सांगते, असं तू म्हणालास. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आत्याच्या चुलीपाशी बसून तू स्वतः पाहिलं होतंस. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा मुलगा मोठा होऊन त्या कुलपाची किल्ली मिळवेल.

मिळवलीस. आणि कुलूप लावलंस.

सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी वैजू हसत घरी आली. "अम्मा, मुरलीमामांनी सगळं सोपं करून टाकलं." मी म्हटलं, काय केलं? तेव्हा तिनं सांगितलं. आपल्या भागाबाहेर राहणाऱ्या वाचकांना सांगायला हवं: आमच्याकडे सरस्वतीपूजेच्याच दिवशी आयुधपूजा असते, तेव्हा प्रत्येक अवजाराला चंदन-हळदीचा टिळा आणि त्यावर कुंकू लागतं. माझ्या स्वयंपाकघरात विळी, कढई, गॅसची शेगडी, मालाची रिक्षासुद्धा सजते. शाळेच्या लॅबमध्ये बर्नर, तराजू आणि बाटल्या सजतात. आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलीपुढे एक छोटी बाटली येते. आत कसलीशी पूड. तापवून, ॲसिड घालून, वास घेऊन, रंग बघून ती कोणती ते ओळखायचं. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो आणि परीक्षेच्या सकाळी बाहेरून आलेले परीक्षक तो बदलतात.

तू त्या बाटल्यांना पूजेचा टिळा लावलास. प्रत्येकीला वेगळ्या जागी. वर डावीकडे म्हणजे शिसं. दोन टिळे म्हणजे अमोनियम. बुडाशी म्हणजे जस्त. मध्ये एकच म्हणजे तांबं. आणि मुलींकडून तेवढं पाठ करून घेतलंस, ओव्या घोकाव्या तसं.

मी स्कूटर काढली आणि तुझ्या घरी आले. तू ओट्यावर पान लावत बसला होतास.

"काय रे हे? पूजेच्या कुंकवाने कॉपी?"

तू पानाच्या शिरा काढत म्हणालास, "नंबर बदलतील गे. कुंकू कोण पुसणार? गेल्या वर्षीचे परीक्षक तर बाटल्यांना हात जोडून आत आले."

आणि हसलास. मला तुझ्या त्या हसण्याची शिसारी आली. आजही येते.

"एवढं डोकं चालवलंस," मी म्हटलं, "त्याच्या निम्म्या डोक्यात शिकवून झालं असतं."

"चाळीस मुली, दोन धड ब्युरेट. एखादीच्या डोळ्यात ॲसिड गेलं तर तू येणार निस्तरायला?"

"येईन."

"तू पायसम ढवळ. मार्क मिळाले की झालं. घरी जाऊन कुठली मुलगी शिसं ओळखणार आहे?"

मग तू ती जुनी गोष्ट काढलीस. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीची ओढणी बर्नरवर पेटली, तू हातानेच विझवलीस, कुणाला काही झालं नाही, पण तेव्हाच्या हेडमास्तरांनी तुला सगळ्यांसमोर झापलं. गोष्ट खरी आहे. तुझ्या तळव्यावरचा डाग मी पाहिलाय. पण मुरली, माझ्या कामावर दर मुहूर्तात कुणीतरी भाजतं. त्या दिवशी बरनॉल लावतो आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून उभं राहायला शिकवतो. आचाऱ्यांना फळ्यावर रसम शिकवत नाही. एक ओढणी जळाली आणि तू त्यानंतरच्या सगळ्या मुलींचे हात बांधून टाकलेस. याला मी काळजी म्हणणार नाही. तुला पुन्हा झापून घ्यायचं नव्हतं, एवढंच. त्या संध्याकाळी मी तुला भित्रा म्हटलं. तू पान तोंडात टाकलंस. तोंडात पान असलं की उत्तर द्यावं लागत नाही. ती तुझी नेहमीची युक्ती.

मी हेडमास्तरांकडे तक्रार केली असती. वैजूने माझा हात धरला. "अम्मा, माझ्या वर्गातल्या सगळ्या माझ्याशी बोलायच्या थांबतील." तिला शेतीशास्त्राला जायचंय. आडुतुरैच्या भाताच्या संशोधनकेंद्रात एकदा शाळेची सहल गेली होती, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मातीची परीक्षा करायची, पाण्याची करायची. अशा मुलीला तू कुंकू वाचायला शिकवत होतास. म्हणून मी तुला शेवटचं सांगितलं, "शाळेत नको तर माझ्या घरी ये. तिला एकटीला शिकव. नाहीतर मी बोलणार." ही धमकी होती. मला तिचा पश्चात्ताप नाही.

तू आलास. मार्गळी महिन्यातला, पोंगलच्या आधीचा रविवार होता. दारात कोलमची रांगोळी अजून ओली होती आणि तू ती तुडवून आत आलास. "सामान काय आहे?" असं हुकमाने विचारलंस. मी म्हटलं, स्वयंपाकघर आहे. पितळी भांड्यांच्या कल्हईसाठी आणलेला नवसागर डब्यात आहे, सोडा आहे, तुरटी आहे, लिंबं आहेत.

"चुना?"

"तो तुझ्याकडे आहे."

तेव्हा तू पानाचा डबा उघडलास. वैजूच्या तळहातावर बोटभर चुना लावलास, त्यावर चिमूटभर नवसागर टाकलास आणि म्हणालास, "चोळ. आता लांबून हुंग." तिनं नाक जवळ नेलं आणि मान झटकन मागे घेतली. डोळ्यांत पाणी.

"काय आलं?"

"झोंबलं मामा!"

"झोंबलं हे उत्तर नाही. कशासारखं?"

तिनं लांबून पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "लहान बाळाच्या ओल्या दुपट्यासारखं."

तू टाळी वाजवलीस. "अमोनिया! हे पुस्तकात नाही, आणि पुस्तकापेक्षा बरोबर आहे. जा, हात धू."

मग सोड्यावर लिंबू पिळलंस, फसफसणारी हवा नळीतून चुन्याच्या निवळीत सोडलीस आणि निवळी दुधासारखी झाली. "आता सांगू नको काय असेल. काय दिसलं ते सांग. आधी दिसलं ते, मग वाटलं ते." तू तिला चुकू दिलंस. तुरटी आणि मीठ तिनं उलटंसुलटं केलं तर हसला नाहीस, पुन्हा करायला लावलंस. मी दारात उभी होते. दुपारच्या ऑर्डरीची वांगी चिरायची सोडून उभी होते, आणि मी वांगी सोडत नाही.

मुरली, त्या दिवशी माझ्या मनातला तुझ्याबद्दलचा तिटकारा कमी झाला नाही. वाढला. तुला येत नसतं तर मी सोडून दिलं असतं. ज्याला येत नाही त्याने फळ्यावर निळा खडू फिरवला, तर बिचारा दुसरं काय करणार? पण तुला येत होतं. इतकं सुंदर येत होतं की एका सकाळीत माझी मुलगी बदलली. असा हात असलेला माणूस वर्षानुवर्षं किल्ली खिशात घालून पान खात बसला.

जाताना वैजूने विचारलं, "मामा, शिसं कधी?"

"ते घरी नको, विष आहे. पोंगल झाला की लॅब उघडतो, तुझ्यासाठी. सोनेरी पाऊस दाखवीन तुला. पिवळा साका गरम पाण्यात विरघळवायचा आणि गार होऊ द्यायचा. सोन्याच्या टिकल्या पडतात गे."

"सगळ्यांसाठी उघड," मी म्हटलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. खरंच काहीतरी बोलणार होतास. मग डब्यातून पान काढलंस. आपलं भांडण तिथेच राहिलंय.

पोंगलच्या सुट्टीत तू गेलास. त्याबद्दल इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी तुझ्या तेराव्याच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. काही कमी पडलं नाही. तुझ्या आवडीची डांगर पचडी होती, उडदाच्या पिठाची, दह्यातली, आणि पानावर बसलेला जो तो तू किती देवमाणूस होतास ते सांगत होता. मी ताक वाढत राहिले.

आता शाळेत काय झालं ते ऐक, कारण तुला ते ऐकवल्याशिवाय मला झोप येणार नाही.

लॅब झाडणारी सेल्वीअक्का तुला देव मानायची. तिला तुझ्या खुणांमधलं काही माहीत नव्हतं. तुझी शोकसभा लॅबच्या दारात ठरली, म्हणून तिनं आदल्या दिवशी सगळ्या बाटल्या चिंचेने घासून लख्ख केल्या आणि सारांच्या आठवणीसाठी प्रत्येकीला नवीन टिळा लावला. सुरेख, गोल. प्रत्येकीच्या बरोबर मध्ये. एकच.

मध्ये एकच म्हणजे काय, तुला सांगायला नको.

परीक्षेच्या दिवशी एकेका मुलीपुढे बाटली आली आणि एकेका मुलीने तांबं लिहिलं. तांब्याचा क्षार निळा असतो, हिरवा असतो. यांच्या बाटल्यांतली पूड पांढरी, रांगोळीसारखी पांढरीशुभ्र. तरी तांबं. परीक्षकांनी पहिला पेपर पाहून भुवया उचलल्या, दुसरा पाहून चष्मा काढला, आणि पुढे मोठ्याने हसायला लागले. तिरुभुवनमच्या विणकराची मुलगी कनी, वैजूची मैत्रीण, तिला त्यांनी विचारलं, "पोरी, हे तुला निळं दिसतंय का?" कनी म्हणाली, नाही सार. "मग तांबं का लिहिलंस?" कनीने टिळ्याकडे पाहिलं. नंतर आमच्या घरी येऊन रडताना तिनं मला सांगितलं, "अक्का, मला दिसत होतं पांढरं आहे. पण मुरलीसार खोटं सांगतील का?"

हे तुझं शिकवणं, मुरली. ज्या मुलीचे वडील सुताच्या रंगातला केसभर फरक ओळखतात, तिला तू स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नको असं शिकवलंस. मार्क तर गेलेच. मार्कांचं मी एकवेळ विसरेन. हे नाही विसरणार.

वैजूनेही टिळा पाहिला होता. ती म्हणते, क्षणभर तिचाही हात तांबं लिहायला गेला. मग तिला तुझा आवाज आला, आधी दिसलं ते, मग वाटलं ते. तिनं ॲसिड घातलं, फसफसलं, निवळी दुधाळ झाली. पुढच्या पायऱ्या पुस्तकातल्या पाठ होत्या, हाताने कधी केल्या नव्हत्या. एक परीक्षानळी फुटली, बोटाला चटका बसला. शेवटी पिवळा साका आला, म्हणजे शिसं. एवढ्यावर लिहून मोकळी होऊ शकली असती. पण तिनं ते गरम पाण्यात विरघळवलं, नळी स्टँडला लावली आणि गार होईपर्यंत बघत बसली. परीक्षकांना येऊन सांगावं लागलं की वेळ संपली.

घरी आल्यावर चपला न काढताच म्हणाली, "अम्मा, खरंच टिकल्या पडतात. नळी हलवली की फिरतात. मामांना..." आणि तिथेच थांबली. मग ती रडली. तुझ्यासाठी मनापासून रडलेलं मी पाहिलेलं तेवढंच. मी तिला जवळ घेतलं, आणि तुझा मला इतका राग आला की दात आवळून धरावे लागले. तो पाऊस तू तिला दाखवायचा होतास. तू नसताना तिला एकटीने पाहावा लागला, आणि बाकीच्या मुलींना तोही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांपुढे जाऊन बसले. सोबत कागद नेला होता. शनिवारी लॅब उघडी राहील. अकरावीच्या मुली आतापासून हाताने करतील. नवीन सार येईपर्यंत कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई येतील, त्यांच्याशी मी बोलले आहे. माझ्याकडून चष्मे, सुती ॲप्रन आणि वाळूच्या बादल्या. हेडमास्तर म्हणाले, "मुरलीसारांनी इतकी वर्षं सांभाळलेली लॅब आहे हो." मी म्हटलं, "म्हणूनच सगळं नवंकोरं आहे."

काल पहिला शनिवार. शिकवायच्या आधी बाटल्या पुसायच्या होत्या. सेल्वीअक्का मागे सरकली. "नको अक्का. कुंकू आहे ते. सारांच्या नावाचं." मुलींपैकीही कुणी हात लावेना. तू बरोबर होतास, कुंकू कोण पुसणार?

मी पुसलं. बांगड्या वर सारल्या, ओलं फडकं घेतलं, साबण घेतला आणि एकेक बाटली पुसत गेले. कनी माझ्या शेजारी उभी राहून एकेक कोरडी करत होती. ती अजून कुणाशी धड बोलत नाही. अर्ध्या बाटल्या झाल्या आणि ती एकदम किंचाळली. "अक्का, रक्त!"

माझी दोन्ही मनगटं लाल झाली होती. टिळ्यातली हळद आणि साबण. तिला वाटलं, बाटली फुटून मी कापून घेतलं. कुंकू पुसल्याचा कोप, असंही तिला वाटलं असणार, कारण तिनं फडकं टाकून हात जोडले होते आणि तिचे डोळे भरले होते.

याचं उत्तर मला येत होतं, आणि ते तूच दिलेलं होतं. दुसरं वाक्य सुचेना, याचाही मला तुझ्यावर राग आहे.

"रडू नको," मी म्हटलं. "लिंबू आण."